डोंगराआडचा अगस्त्य

"परत एकदा," अण्णा म्हणाले.

ताई परत एकदा बाजेपासून निघाली. अंगण ओलांडलं, तुळशीचा कट्टा उजव्या हाताला ठेवला, धुण्याच्या दगडापाशी पाय जरा उचलला आणि दुर्बिणीच्या तिपाईपाशी जाऊन थांबली. डोळे घट्ट मिटलेले. तशीच वळून ती बाजेपर्यंत परत आली. या खेपेला दगडाला पाय लागला नाही.

"शाब्बास!" अण्णा म्हणाले. टांग्याच्या घोड्याला म्हणावं, तसं म्हणाले.

"अण्णा, मी सांगून टाकते ना त्यांना," ताई डोळे न उघडताच म्हणाली. "माणूस चांगला वाटतो."

"माणूस चांगला आहे, म्हणूनच सांगायचं नाही. मागच्या दोघांना सांगितलं होतं. काय झालं? चहा अर्धा टाकून गेले. एकदा अक्षता पडल्या की बायकोला अंधारात काय दिसतं नि काय नाही, कोण विचारायला बसलंय?" मग ते माझ्याकडे वळले. "आणि भारती, तू तिचा कोपर सोडायचा नाही. काय?"

"नाही सोडणार," मी म्हणाले.

ताईला लहानपणापासून रातांधळेपणा होता. उजेडात ती सुईत दोरा ओवायची, पण दिवेलागण झाली की तिच्यापुढचं जग पुसलं जायचं. नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की यावर औषध नाही आणि हे हळूहळू वाढत जाणार. आमच्या घरात ही गोष्ट फक्त दारं लावून बोलली जायची. सटाण्याला आमचं किराण्याचं दुकान होतं, ताई तिथल्याच शाळेत शिकवायची, आणि दिवस मावळायच्या आत घरी यायची. लोक म्हणायचे, मालपुऱ्यांची थोरली काय वळणाची मुलगी आहे! अण्णा मान डोलवायचे.

आणि नशिबाची थट्टा बघा, या मुलीला स्थळ सांगून आलं ते आभाळ बघणाऱ्याचं. हेमंत कोठावदे, नाशिकला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. भर दुपारी आमच्या घरी मुलगी बघायला आले. ताईशी तासभर बोलत बसले, पोहे गार होऊन गेले तरी उठेनात. जाताना म्हणाले, "माझी अट म्हणाल तर एकच. जन्माची जोडीदारीण सोबत बसून आभाळ बघणारी हवी. अमावास्येला आम्ही भोरमाळला जातोय, आईही आहे. तुम्ही सगळे या ना." नाही म्हणायला अण्णांना सबब सुचली नाही; आई तेवढी दुकानासाठी मागे राहणार होती. ताईनं मात्र त्याच दिवशी वाचनालयातून आकाशदर्शनाचं जाडजूड पुस्तक आणलं आणि परीक्षेला बसल्यासारखी पाठ करत सुटली. तिला तो मनापासून आवडला होता. तिच्या चेहऱ्यावर ते इतकं स्वच्छ दिसत होतं की मला तिच्याकडे बघवत नसे.

भोरमाळ कळसूबाईच्या रांगेच्या मागच्या अंगाला, उंच पठारावर आहे. तेव्हाही ते दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होतं, आभाळ आणि घळी. वीज नावापुरती होती. थंडीच्या दिवसांत अमावास्या जवळ आली की शहरातली माणसं दुर्बिणी घेऊन यायची, संध्याकाळी तारे बघायची आणि सकाळी काळ्या घळीत उतरायची. गावानं त्यांच्यासाठी एक रीतच पाडून घेतली होती. ज्यांच्या घरी आम्ही उतरलो होतो त्या हौसाबाईंनी ती आम्हाला कौतुकानं सांगितली.

"पाव्हणं आभाळ बघाया आलं का आमी समदे दिव्यावर पाटी पालथी घालतो. येक किरान भाईर येऊन द्येत न्हाई. आख्खं गाव पाळतंय बगा."

"वा वा!" अण्णा म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. कंदिलाच्या उजेडात ताई थोडंफार निभावून न्यायची, आणि अण्णांची सगळी भिस्त त्या कंदिलावर होती. म्हणून तर हेमंतराव आणि त्यांच्या आई, लीलाकाकू, देवीच्या दर्शनाला गेल्याबरोबर ही अंगणातली तालीम सुरू झाली होती.

दिवस मावळला. हौसाबाईंनी माजघरातल्या कंदिलावर पाटी घातली, शेजारच्या घरांतही एकेक करत अंधार झाला. मग वर जे उघडलं, ते मी जन्मात पाहिलं नव्हतं. आमच्या सटाण्याच्या गच्चीवरून दिसतात ते तारे कुणी चिमटीनं टाकलेले, आणि इथं सबंध पोतं उपडं केलेलं. माझ्या तोंडून "अगं बाई!" एवढंच निघालं. शेजारी ताई उभी होती, आणि तिच्या डोळ्यांपुढे काळी पाटी. त्याच क्षणी तिनंही मान वर केली आणि म्हणाली, "किती सुंदर!"

सुरुवात मात्र झकास झाली. हेमंतराव म्हणायचे, "तो बघा व्याध," आणि मी तिचा कोपर हलकेच पूर्वेकडे फिरवायची. ताई म्हणायची, "हो, आणि त्याच्या वर मृगाचे तीन तारे, बाण मारल्यासारखे सरळ रेषेत." ते म्हणायचे, "रोहिणी सापडते?" मी कोपर वर उचलायची. ताई म्हणायची, "तांबूस आहे नाही? आणि कृत्तिकांचा पुंजका तिच्या पुढेच." हेमंतराव खूश. काकू बाजेवर घोंगडी पांघरून बसल्या होत्या. अण्णा त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणत होते, "लहानपणापासून वेड हो तिला आभाळाचं, विहीणबाई! जेवायला हाका मारून थकायची हिची आई." धडधडीत खोटं. दिवेलागणीनंतर ताईला आम्ही कधी अंगणातसुद्धा सोडलं नव्हतं.

मग दुर्बीण आली. मृगाच्या तलवारीत एक तेजोमेघ आहे, तो हेमंतरावांनी लावून दिला. मी ताईला नळीपाशी नेलं, तिनं डोळा लावला, थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "पंख पसरलेल्या पक्ष्यासारखा दिसतोय. मध्ये चार बारीक तारे." हे पुस्तकातलं वाक्य होतं. आदल्या रविवारी मीच तिच्याकडून म्हणवून घेतलं होतं.

"आता भारती, तू बघ," हेमंतराव म्हणाले.

मी डोळा लावला. पक्षी कुठला नि काय! "मला तर दुधाचा पेला नीट न विसळता ठेवल्यासारखं दिसतंय," मी म्हणाले.

हेमंतराव मोठ्यानं हसले. इतका वेळ ते नुसतं सौजन्यानं बोलत होते, आता पोटातून हसले. "अगदी तसंच दिसतं ते! सगळे मला पक्षी सांगतात. पक्षी फोटोत दिसतो, दुर्बिणीत कधी दिसत नाही. इतक्या वर्षांत खरं सांगणारी तू पहिलीच." आणि पुढचा बराच वेळ ते मलाच दाखवत राहिले. मी विचारत होते, ते सांगत होते. माझा हात ताईच्या कोपरावरच होता, पण कोपर कुठं वळवायचा हे मी विसरून गेले होते.

ताईला दिसत नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं. आमचं हसणंही. शेवटी तिला राहवलं नाही. कुणी काही विचारलं नसताना ती एकदम म्हणाली, "आणि अगस्त्य बघितला का तुम्ही? दक्षिणेला, खाली. काय लखलखतोय!"

पुस्तकाप्रमाणे तिचं काही चुकलं नव्हतं. त्या महिन्यात, त्या वेळेला अगस्त्य उगवलेला असतोच, व्याधाच्या खालोखाल तेजस्वी. फक्त पुस्तक लिहिणाऱ्याला भोरमाळ माहीत नव्हतं. घराच्या दक्षिणेला सबंध बाजू अडवून डोंगर उभा होता.

बाजेवरून काकूंचा आवाज आला. त्यांना ताऱ्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण डोंगर सगळ्यांनाच कळतो. "कुठं गं? तिकडं तर डोंगर आहे. मघाशी म्हशी नाही का उतरल्या तिथून?"

"ताई चेष्टा करतेय," मी घाईघाईनं म्हणाले.

"पुस्तकी किडा हो, पुस्तकी किडा!" अण्णा हसले, गरजेपेक्षा जास्तच.

"इथून अगस्त्य दिसत नाही," हेमंतराव हळूच म्हणाले. "डोंगर आड येतो." एवढं बोलून ते दुर्बिणीचं झाकण शोधू लागले. ताईचा कोपर माझ्या हातात गार पडला होता.

सकाळी चहा घेताना काकूंनीच विषय काढला. "आज घळ बघायची ना? सगळेच जाऊ."

अण्णांनी ताईच्या पायाला लचक भरल्याचं सांगितलं. काकू म्हणाल्या, "गुडघे धरलेली बाई मी येतेय, आणि तुमची तरणीताठी पोर येत नाही होय?" काकूंना घळीचं काडीचं कौतुक नव्हतं. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. ताईला कळलं होतं. तिनं चपला काढून बूट घातले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "चल. उजेड आहे अजून."

काळी घळ म्हणजे डोंगराला उभी गेलेली चीर. दोन्ही बाजूंना उंच कातळ, आणि मध्ये वाट इतकी अरुंद की एकामागून एकच माणूस जाईल. तोंडाशी ऊन होतं. पुढे वळण आलं आणि उजेड वर कुठंतरी राहिला. भर सकाळी तिथं दिवेलागण झाल्यासारखं वाटत होतं. हेमंतराव सगळ्यांत पुढे होते, त्यांच्यामागे ताई. मी तिच्या पाठोपाठ घुसणार, तेवढ्यात काकू मध्ये शिरल्या. "थांब गं, मला आधाराला कातळ हवा." माझ्या मागे अण्णा धापा टाकत येत होते.

ताई थांबली. तिनं एक हात कातळावर ठेवला. पुढचं पाऊल टाकायच्या आधी ती बुटाचं टोक जमिनीवर घासून बघत होती, आणि काकू ते बघत होत्या.

"प्रमिला," काकू अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "माझी पिशवी पडली बघ तुझ्या पायाशी. देतेस जरा?"

पिशवी पांढरी होती. मला माझ्या जागेवरून ती धडधडीत दिसत होती, ताईच्या डाव्या पायापाशी. ताई खाली वाकली आणि उजवीकडे चाचपू लागली. ओल्या दगडांवरून तिचा हात फिरला, पाण्यात गेला, परत आला. कातळाच्या धारेवर तळवा खरचटला, तेव्हा ती 'स्स' करून थांबली. मी तोंड उघडलं, तोच अण्णांनी मागून माझा खांदा दाबला. आणि काकू नुसत्या उभ्या. एका मुलीला दगडांत चाचपडायला लावून ही बाई शांतपणे उभी होती. तो राग माझ्या पोटात अजून आहे.

मग ताईनंच ते संपवलं. ती सरळ उभी राहिली, हात साडीला पुसला आणि म्हणाली, "काकू, मला दिसत नाही."

हेमंतराव वळले. "म्हणजे?"

"अंधारात मला काहीच दिसत नाही. लहानपणापासून. काल मी एकही तारा बघितला नाही. डॉक्टर म्हणतात, पुढे उजेडातही दिसायचं नाही. मला हे तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगायचं होतं."

हेमंतराव मागे आले. त्यांनी ताईचा हात धरला, आम्ही कातळाला अंग चोरून वाट दिली आणि ते प्रत्येक दगड सांगत तिला बाहेर घेऊन गेले. "इथं पाणी आहे. आता पाय उचला. इथं वाका." इतक्या मायेनं सांगत होते, की त्यांच्यामागून चालताना मला वाटलं, जमलं! सगळं ठीक होणार. अण्णांनाही तसंच वाटलं असावं, त्यांनी माझा खांदा सोडला.

घळीच्या तोंडाशी एक जांभळाचं झाड होतं, तिथं हौसाबाईंनी चहाची किटली पाठवली होती. ताई थोड्या अंतरावर झऱ्यापाशी पाठमोरी बसून तळवा धूत होती. काकूंनी चहाचा घोट घेतला आणि पदरानं तोंड पुसलं.

"भाऊ, मुलगी लाख आहे तुमची. खरं बोलली, मला आवडलं. पण आमचा एकुलता एक मुलगा. जन्मभर हात धरून चालवायचं म्हणजे... तुम्हीच सांगा."

"खरं आहे, विहीणबाई," अण्णा म्हणाले. आवाज पार बसला होता.

"पण घर चांगलं आहे, माणसं आपली आहेत. इतकं जुळत आलेलं मोडून जावं, असं मनाला वाटत नाही." काकूंनी माझ्याकडे बघितलं. "तुमची धाकटी आमच्या मनात भरलीय. हेमंतच्याही. काल बघितलं ना, कसं जमत होतं दोघांचं."

मी हेमंतरावांकडे बघितलं. आता ते आईला गप्प करतील. म्हणतील, आई, काय बोलतेस, ती तिथं बसलीय. ते बुटाला लागलेला चिखल काडीनं काढत होते. काडी मोडली, तेव्हा मान वर न करता म्हणाले, "भारतीची हरकत नसेल तर."

आणि अण्णा? मला वाटलं, ते उठतील. अर्धा चहा टाकून कसं उठायचं, हे मागच्या दोघांनी त्यांना दाखवलं होतंच. पण अण्णांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परत आला. एवढ्यात नफा-तोटा मांडून झालाही त्यांचा. थोरली खपत नाही, धाकटी जातेय, गिऱ्हाईक तेच. ते माझ्याकडे बघून हसले. "मग काय, बाळ?"

ताईचे हात पाण्यात थांबले होते. ती वळली नाही.

"मलाही तसंच आहे," मी म्हणाले.

"काय?"

"डोळ्यांचं. मलाही रात्री दिसत नाही. आम्हा दोघींनाही आहे."

"खोटं!" अण्णा ताडकन उठले. चहा सांडला. "साफ खोटं बोलतेय ती! ठणठणीत डोळे आहेत तिचे. देवाशपथ सांगतो, विहीणबाई, धाकटीला काही नाही!"

त्या दोन दिवसांत अण्णा पहिल्यांदाच खरं बोलत होते. गळ्याच्या शिरा ताणून, देवाची शपथ घेऊन. आणि काकू त्यांच्याकडे अशा बघत होत्या, जसं वाण्याच्या मापाकडे बघतात.

"कालही तुम्ही असंच सांगत होतात, थोरलीबद्दल," त्या म्हणाल्या. "एकीचं लपवलंत, दुसरीचं नाही लपवणार कशावरून? आणि मी अजून तुमची विहीण झालेली नाही."

हेमंतरावांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्यांना ठाऊक होतं. तो न विसळलेला पेला मीच पाहिला होता, आणि त्यावर ते पोटातून हसले होते. त्यांनी एक शब्द उच्चारला असता, तर माझं खोटं तिथंच उघडं पडलं असतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. आता सांगायला लाज वाटते, पण मी वाट बघत होते. ते बोलले नाहीत. ते ताईसाठीही बोलले नव्हते. उठून त्यांनी आईची पिशवी घेतली, आणि मायलेक गावाकडे चालू लागले.

पुढचं सांगण्यासारखं थोडं आहे. होळी यायच्या आत सगळ्या नातलगांत पसरलं की मालपुऱ्यांच्या दोन्ही मुली आंधळ्या. मला बघायला नंतर कुणी आलं नाही. अण्णा जन्मभर माझ्याशी सरळ बोलले नाहीत, मी समोर बसलेली असताना त्यांना चहा हवा असला, तरी आईला म्हणायचे, "तिला सांग." डोळस मुलीनं स्वतःला आंधळं ठरवून घेतलं याचा त्यांना राग होता. आपण डोळस असून काय केलं, हे त्यांच्या मनात कधी आलं नाही. ताईची नजर पुढे पूर्ण गेली. आम्ही दोघी अजून त्याच घरात राहतो. भोरमाळला आता हॉटेलं झालीत, तारे दाखवायची तिकिटं असतात, असं ऐकते. हेमंतरावांचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं.

पण माझ्या डोक्यातून जात नाही ती परतीची जीप. घाट उतरेपर्यंत दिवस मावळला होता. अण्णा पुढे ड्रायव्हरशेजारी दगडासारखे बसले होते. मागे आम्ही दोघी. अंधार पडल्यावर ताईनं सवयीनं माझा कोपर धरला. मला वाटत होतं, ती रडेल, किंवा माझ्यावर चिडेल. मी तिच्यासाठी एवढं केलं म्हणून काही बोलेल, असंही वाटत होतं. मग ती अगदी खालच्या आवाजात म्हणाली,

"भारती."

"काय गं?"

"तुला तो आवडला होता?"

मी जोरजोरात नकारार्थी मान हलवली. आणि मग लक्षात आलं की अंधारात तिला ते दिसणार नाही. मानेनं सांगून भागलं असतं, तर किती सोपं होतं! आता तोंडानंच सांगायला हवं होतं, आणि तेही ताईला, जिचे कान घरात सगळ्यांत तिखट.

"नाही," मी म्हणाले.

ताईनं माझा कोपर हळूच सोडला.